सीडीचं काढू नये

"हे काय आहे?" पुष्करने विचारलं.

तो माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीवर बसला होता आणि माझ्या नव्या लॅपटॉपवर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीकडे बोट दाखवत होता. चिठ्ठीवर मी फळ्यावर लिहिते त्या अक्षरात लिहिलं होतं, 'सीडीचं काढू नये.'

"विनंती आहे," मी म्हणाले. "बाकी काय काढायचं ते काढ. सीडी बनवायचं सॉफ्टवेअर तेवढं राहू दे."

"सीडी?" त्याने मी दौत-टाक मागितल्यासारखा चेहरा केला. "मृदुला, दोन हजार नऊ साल चालू आहे."

"माहीत आहे. हजेरीपटावर रोज तारीख घालते मी."

तो हसला. साखरपुडा होऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्यात त्याने माझं केलेलं एकमेव कौतुक म्हणजे, "तू फनी आहेस." मी फनी असण्याचा प्रयत्नही करत नव्हते.

पुष्कर दांडेकर पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट लीड होता. मी सांगलीतल्या एका शाळेत मराठी शिकवत होते. या दोन वाक्यांत आमच्या घरातलं सगळं राजकारण आलं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेले माझे बाबा आपल्या साहेबांचासुद्धा घरात 'तो टकल्या' असा उल्लेख करायचे, पण होणाऱ्या जावयाला साखरपुड्याच्या दिवसापासून 'पुष्करराव' म्हणत होते. पुष्करराव शिंकले तरी बाबा त्यात काही तांत्रिक अर्थ आहे का ते बघायचे.

त्या रविवारी दांडेकर मंडळी याद्या करायला आली होती. लग्नात कोणी काय करायचं, कोणाचा कुठे मान, हे दोन्हीकडच्यांनी समोरासमोर बसून लिहून काढायचं म्हणजे याद्या. अकराला येतो असं कळवून ती साडेनऊलाच दारात उभी राहिली. बाहेरच्या खोलीत त्याची आई डायरी उघडून बसली होती आणि वरमाईचे पाय धुवायला चांदीचं तबक असावं की स्टीलचं चालेल यावर, "आमचा काहीच आग्रह नाही हो," असं म्हणत आग्रह करत होती. यात पुष्करला रस नव्हता. "तुझा लॅपटॉप सेट करून देतो," म्हणून तो थेट आत आला.

लॅपटॉप मी तीन आठवड्यांपूर्वी घेतला होता, माझ्या पैशांनी, आणि तो सेट करून हवाय असं मी कोणालाही म्हटलं नव्हतं.

"कंपन्या नव्या मशीनमध्ये गाळ भरून देतात," त्याने मला समजावलं. "गेम्स, ट्रायल्स, टूलबार्स. मी कोणतंही मशीन हातात घेतलं की पहिल्या तासात सगळं साफ करतो. आमच्या ऑफिसात मला त्यासाठी बोलावतात."

"छान. पण सीडीचा गाळ मला लागतो."

"कशाला? फोटो? गाणी? पेन ड्राइव्ह वापर ना."

मग मी त्याला शालनबद्दल सांगितलं. आधीही एकदा सांगितलं होतं, पण तेव्हा तो फोनवर काहीतरी बघत होता.

शालन कोळेकर जत तालुक्यातली, मिरजेला वसतिगृहात राहणारी, जन्मापासून अंध. बी.ए.चा समाजशास्त्राचा एक पेपर तिचा राहिला होता. आदल्या वर्षी तिला पुस्तक वाचून दाखवायला कबूल झालेल्या बाई परीक्षेच्या महिन्यातच काश्मीरला गेल्या. हा पेपर या खेपेला सुटला तर बी.एड.ला प्रवेश, नाहीतर गावी परत. तिच्या वडिलांनी तसं सांगितलेलंच होतं. पेपर पुढच्या सोमवारी होता, आणि दोनशे पानांचं पुस्तक मी दोन महिने रोज थोडंथोडं मोठ्याने वाचून छोट्या रेकॉर्डरवर भरत होते.

"आणि तिच्याकडे संस्थेने दिलेला सीडी प्लेअर आहे," मी म्हणाले. "त्याला फक्त मागे आणि पुढे अशी दोन मोठी बटणं. म्हणून मी प्रत्येक पानाचा वेगळा ट्रॅक करते. सुरुवातीला पानाचा नंबर मोठ्याने सांगते. तिला नव्वदावं पान पाहिजे असेल तर ती बटण दाबत दाबत नव्वदाव्या पानावर जाते. डोळस माणूस पान उलटतो तसं. हे पानापानावर खूण करायचं काम त्या सॉफ्टवेअरमध्येच होतं."

"ओके," तो म्हणाला. "पण तू तिला एमपीथ्री प्लेअर का घेऊन देत नाहीस? सोल्यूशन तिकडे आहे."

"त्याची बटणं तांदळाएवढी असतात आणि सगळं पडद्यावर वाचावं लागतं. ती वाचू शकत नाही. त्यावरच तर सगळं आहे."

"हं," पुष्कर म्हणाला. कोणी त्याच्यापेक्षा बरोबर बोललं की तो "हं" म्हणायचा. मग त्याने ती चिठ्ठी हळूच सोडवून लॅपटॉपच्या झाकणावर लावली आणि म्हणाला, "बरं बाई. नाही काढत. प्रॉमिस."

तेवढ्यात आईने पोह्यांना हाक मारली. मी गेले. मी पोहे केले, पोहे दिले, चहा केला, चांदीच्या तबकावर माझं काहीच मत नाही असं दोनदा सांगितलं. दीड तास गेला. मधे बाबा एकदा आत जाऊन आले आणि बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाले, "पुष्कररावांचा हात चालतो म्हणजे नुसता चालतो."

निघताना पुष्करने मला बाजूला घेतलं. "मशीन एकदम हलकं झालंय बघ. आणि हो, ते तुझं सीडीचं, ती ट्रायल होती गं. आजच संपली. आपोआप गेलं ते."

"गेलं? परत नाही येणार?"

"ट्रायल एकदा संपली की संपली. कंपन्यांचा धंदा असतो."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "थँक्यू." दीड तास माझ्या खुर्चीवर बसल्याबद्दल, पोहे दोनदा घेतल्याबद्दल, का माझं एकुलतं एक लागणारं सॉफ्टवेअर गेल्याची बातमी दिल्याबद्दल, देव जाणे. त्या दिवशीच्या सगळ्या मंडळींत मला सगळ्यात जास्त तिरस्कार कोणाचा वाटत असेल तर त्या 'थँक्यू'चा.

संध्याकाळी टेबलावर पाहिलं तर उघड्या पुस्तकाखाली रेकॉर्डर मेलेला सापडला. सकाळी पाहुणे अवेळी आले तेव्हा मी सहावं प्रकरण वाचता वाचता उठले होते आणि तो बंद करायचा राहून गेला होता. सेल संपेपर्यंत बिचारा चालू राहिला असणार. मी नवीन सेल घातले आणि पान एकशे तेरापासून पुढे वाचायला घेतलं. नेहमीच्या पद्धतीत रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेऊन मी ते पुन्हा ऐकायचे, नको ते कापायचे आणि पानागणिक खुणा करायचे. एका प्रकरणाला एक संध्याकाळ जायची. आता खुणा करायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ऐकायचंही कारण नव्हतं. गुरुवारपर्यंत मी नुसती वाचत सुटले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर सगळं पेन ड्राइव्हवर भरून मी गणपती पेठेत अस्लमभाईंच्या स्टुडिओत गेले. अस्लमभाई लग्नाचं शूटिंग करायचे आणि गावातल्या निम्म्या लग्नांच्या सीडी त्यांच्याकडे व्हायच्या.

"पानाचा ट्रॅक?" ते म्हणाले. "ताई, लग्नाला पान नसतंय. माझ्याकडचं मशीन पाच-पाच मिनिटांला कापतंय आपोआप. तेवढं हुतंय बघा."

"तेवढंच करा मग. सोमवारी पेपर आहे तिचा."

"पण तुमच्या लॅपटॉपवरचं काय झालं? मागच्या वेळेला तर घरीच केली म्हणालात."

"ट्रायल होती. संपली."

अस्लमभाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "किती दिवस झाले घेऊन?"

"तीन... चार आठवडे."

"मग कशी संपंल? साठ दिवस असत्यात त्याला. आणि तुमच्या कंपनीच्या लॅपटॉपबरोबरचं ते ट्रायल नसतंयच. कायमचं असतंय. गेल्या महिन्यात दोघांचे बघितले की मी." मग जरा थांबून म्हणाले, "रिकव्हरी सीडी काढून ठेवलीया का? असंल तर आणा, परत घालून देतो."

मी तिथूनच पुष्करला फोन लावला.

"रिकव्हरी डिस्क केली नव्हतीस तू?" त्याने मलाच विचारलं.

"लॅपटॉप रोज सकाळी विचारायचा, करू का म्हणून. तू म्हणालास, विचारलं की 'नो' म्हण."

"हो, पण... बरं, हरकत नाही, हार्ड डिस्कवर एक वेगळं पार्टिशन असतं, त्यात सगळी कॉपी..." आणि तो थांबला.

"असतं का?"

"ते मी काढलं रविवारी. दहा जीबी उगीच अडकून पडले होते."

प्रोजेक्ट लीडचं हे काम. आधी परत येण्याची वाट बंद केली, मग वाटेचा नकाशा काढून टाकला, आणि वर जागा किती मोकळी झाली ते सांगत होता.

"नेटवर फुकट शंभर मिळतात," तो म्हणाला. "एक डाउनलोड कर." आमच्या घरी नेट नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं, कारण रविवारी त्यावरून त्याने आम्हाला हसून घेतलं होतं.

"अस्लमभाई म्हणतात, ट्रायल साठ दिवस असते."

"कोण अस्लमभाई?"

"सीडी करतात ते. लग्नाच्या."

"मृदुला," तो फार सौम्यपणे म्हणाला, "तू लग्नाच्या सीडी करणाऱ्यावर विश्वास ठेवणार की माझ्यावर?"

मी त्याच्यावर ठेवला. अस्लमभाईंना म्हणाले, काहीतरी वेगळं असेल. ते "असंल, असंल," म्हणाले आणि मशीनकडे वळले. माणसं लग्न ठरलेल्या मुलींशी त्याच आवाजात बोलतात.

शनिवारी सकाळी सीडींचा गठ्ठा घेऊन मी मिरजेला गेले. शालन वसतिगृहाच्या पायरीवर माझी वाट बघत बसली होती. तिने सीडी हातात घेऊन बोटांनी मोजल्या.

"पानं नाहीत या वेळेला," मी सांगितलं. "पाच मिनिटांचे तुकडे आहेत. माफ कर गं. ते सॉफ्टवेअर गेलं."

"गेलं म्हंजे? चोरीला?"

"आपोआप गेलं."

"आपोआप काय जातंय ताई," शालन म्हणाली, "चप्पलसुदिक आपोआप जात न्हाई." पण ती हसत होती. "असू द्या. ऐकते सगळं सरळ. दोन दिवस हायेत."

रविवारी दुपारी तिचा वसतिगृहाच्या फोनवरून फोन आला. "ताई, येताय का जरा? सहाव्या प्रकरणात एक अडचण हाय."

मला वाटलं सीडी खराब निघाली. पेपर दुसऱ्या दिवशी होता. मिळेल त्या बसने मिरज गाठली. शालन कॉटवर मांडी घालून बसली होती, प्लेअर मांडीवर, हात त्यावर. खोलीतली दुसरी मुलगी मला बघताच बादली घेऊन बाहेर गेली. तिला काहीतरी ठाऊक असावं.

"चालत नाही का?"

"चालती की. तुम्ही बसा. ताई, रागाला येऊ नका. पहिल्यांदा मला वाटलं, हे पुस्तकातलंच हाय. कुटुंबसंस्थेचं उदाहरण दिलंय. मग नाव आलं तुमचं."

"माझं?"

"लावू, का म्हणून दाखवू?"

शालनला एकदा ऐकलेलं पाठ व्हायचं. तिचं सगळं शिक्षणच तसं झालं होतं. आणि म्हणून दाखवताना ती माझ्याच वाचायच्या सुरात म्हणायची, दोन महिने माझा आवाज कानात घेऊन तो सूर तिच्या जिभेवर बसला होता. का कोण जाणे, मी म्हणाले, "म्हण."

तिने मान सरळ केली.

"पान एकशे बारा. कुटुंबाची कार्ये. एक, प्रजोत्पादन. दोन, संगोपन. तीन, व्यक्तीला सुरक्षितता व मानसिक आधार देणे. मृदुला, अगं आले ते, आटप. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बराच वेळ काही न्हाई. मग तुम्ही दोघं चिठ्ठीचं बोलताय, ते सोडते. मग ते एकटेच हायेत. मग फोन." तिने श्वास घेतला आणि पुन्हा माझ्या सुरात शिरली. "हां, बोल रे. काही नाही, सासुरवाडीला आयटी सपोर्ट. नाही रे, तिचं एक खूळ आहे. एका आंधळ्या मुलीला पुस्तकं वाचून सीडी देते. रोज दोन तास. समाजसेवा. पुण्याला आल्यावर हे चालायचं नाही, आईनेही सांगून ठेवलंय. आता भांडत कशाला बसा, सॉफ्टवेअरच उडवलं. सीडी नाही तर समाजसेवा नाही. विचारलं तर ट्रायल संपली म्हणायचं. तिला काय कळतंय, मराठीची मास्तरीण."

माझ्याच सुरात, स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला आवाज खाली आणून, ती हे सगळं म्हणाली. दोन महिने मी हाच सूर इतक्या काळजीने तिला शिकवला होता.

शालनने विचारलं, "अजून थोडं हाय. म्हणू?"

"अजून काय?"

"तुमचे वडील येतात."

मी म्हण म्हणाले नाही, नको म्हणाले नाही. तिने ते हो समजून घेतलं.

"काय पुष्करराव, कुठवर आलं? झालं बाबा, ते सीडीचं पण काढलं. बरं केलंत. पण ही चिठ्ठी लिहिलीय हो तिनं. मग तुमचे वडीलच म्हणतात, राहू दे, मी सांगतो तिला, आपोआप गेलं म्हणून. मग ते, नको नको, तुम्ही नका, मीच सांगीन. मग वडील, आमची जरा हट्टी आहे, पण एकदा तुमच्याकडे आली की वळणावर येईल. तेवढं सांभाळून घ्या. मग हसणं. मग दार." शालन थांबली. "मग पान एकशे तेरा."

बाहेर नळावर बादली भरत होती. शालनने माझा हात शोधून धरला.

"तुला एवढं सगळं कशाला ऐकावं लागलं," मी म्हणाले. तेवढंच सुचलं.

"काय करू? पानापानाचे ट्रॅक असते तर एकशे बारा झालं की बटण दाबून एकशे तेरावर गेले असते. मला कळलंसुदिक नसतं. पर पाच मिनिटांचे तुकडे. पुढं दाबलं आन् त्यातच एकशे तेरा निघून गेलं तर? म्हणून सगळं ऐकत बसले."

ते सॉफ्टवेअर असतं तर मी खुणा करताना ती शेपूट कापलीच असती; निदान शालनने तरी बटण दाबलं असतं. त्याने ते काढलं नसतं तर त्याचं बोलणं कोणाच्याही कानावर पडलं नसतं. ऑफिसात बोलावून नेतात म्हणे त्याला, साफ करायला.

"ती सीडी देतेस मला?"

"आत्ता न्हाई," शालन ठामपणे म्हणाली. "निम्मी कुटुंबसंस्था त्यावर हाय. उद्या पेपर झाला की न्या."

मी घरी येऊन पुष्करला फोन लावला. एकच संधी द्यायची असं ठरवलं होतं, आणि ती देतानासुद्धा माझी मलाच लाज वाटत होती.

"पुष्कर, खरं सांग. ते सॉफ्टवेअर ट्रायल होतं?"

"अगं, किती वेळा तेच! देवाशपथ ट्रायल होतं. आपोआप गेलं."

"ठीक आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्याच्या आवाजात जराही चूक नव्हती. इतक्या सहज खोटं बोलणाऱ्या माणसाशी मी चार महिने बोलत होते आणि मला त्याच्यात दोष सापडला होता तो फक्त मोठ्याने चहा पिण्याचा.

सोमवारी पेपर सुटायच्या वेळी मी परीक्षा केंद्राच्या दाराशी उभी होते. शालन तिच्या लेखनिक मुलीचा हात धरून बाहेर आली.

"कसा गेला?"

"कुटुंबसंस्थेवर वीस मार्कांचा प्रश्न," शालन म्हणाली. "भरपूर सांगितलं. ही म्हणती, एवढं पुस्तकात न्हाई."

लेखनिक मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत होती. शालनने पिशवीतून सीडी काढून माझ्या हातात दिली. "संभाळून न्या. ओरखडा पडला की अडकती."

पुढच्या जूनमध्ये शालन बी.एड.ला गेली. आता ती जतजवळच्या एका शाळेत शिकवते आणि वर्गात पोरांनी नुसती कुजबुज केली तरी नावानिशी उभं करते.

त्या सोमवारी संध्याकाळी बाबा बाहेरच्या खोलीत याद्यांचा कागद घेऊन बसले होते. चांदीच्या तबकासमोर त्यांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली होती.

"बाबा, मी हे लग्न करणार नाही."

त्यांनी कागद खाली ठेवला. कारण ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "एका सॉफ्टवेअरसाठी? लोक शेण घालतील तोंडात. माणसानं मोडायला काही कारण बघावं."

"त्याने ते मुद्दाम काढलं आणि मला खोटं सांगितलं."

"कशावरून? अगं, ट्रायल असते, संपते. यंत्राला काय कळतंय तुझी चिठ्ठी आहे म्हणून? आपोआप गेलं असेल."

"तुम्हाला नक्की माहीत आहे, आपोआप गेलं?"

"मला काय माहीत असणार?" बाबा म्हणाले. "मी त्या खोलीत पाऊल तरी टाकलं का?"

इतकी वर्षं मी या माणसाला भोळा समजत होते. साहेबाला घरात टकल्या म्हणणारा आणि ऑफिसात त्याच्या पिशव्या उचलणारा, पण भोळा. आईच्या भजनांच्या प्लेअरमधली सीडी मी काढली, शालनची घातली आणि खोलीत माझा आवाज सुरू झाला. पान एकशे बारा. कुटुंबाची कार्ये.

"हे काय लावलंस?" बाबा म्हणाले.

"अभ्यास आहे. ऐका."

आईची हाक आली, खुर्ची सरकली, मग नुसती शांतता, मग आमचं चिठ्ठीचं बोलणं. बाबांनी पुन्हा याद्यांचा कागद उचलला. मग पुष्करचा फोन सुरू झाला आणि कागद त्यांच्या हातात तसाच राहिला. 'मराठीची मास्तरीण' झाल्यावर दार वाजलं आणि बाबांचा स्वतःचा आवाज आला, गोड, पडता, मी घरात कधीच न ऐकलेला. काय पुष्करराव, कुठवर आलं?

बाबा ताडकन उठले आणि त्यांनी प्लेअरकडे हात नेला. "बंद कर ते. पुढे घे."

मी प्लेअर उचलून छातीशी धरला. "पुढे घेता येत नाही, बाबा. पानांचे ट्रॅक नाहीत याला. सगळं ऐकावं लागतं."

आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली, एकदा बाबांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. बाबा अजून बोलत होते, माझ्या छातीशी धरलेल्या प्लेअरमधून. आमची जरा हट्टी आहे, ते म्हणत होते.